दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांनी घडवलेले शहर

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या शहरात माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. कुणी पुण्याहून येतो, कुणी रियाध-दुबईहून सुट्टी काढून येतो. जुन्या गुरुजनांना शाल-श्रीफळ दिले जाते, बिर्याणी होते, जुन्या बाकांवर बसून फोटो काढले जातात. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात दोन-तीनशे फोटो येऊन पडतात. कॉलेजलाही हे हवे असते. ‘नॅक’च्या मूल्यमापनात पाचवा निकष विद्यार्थी-सहाय्याचा आहे आणि त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा रकाना आहे. संघटना नोंदणीकृत आहे का, तिने काय दिले, हे तिथे लिहावे लागते. त्यामुळे मेळावा झाला, अहवाल झाला, रकाना भरला, असे अनेक ठिकाणी चालते.

मेळाव्यांना माझा विरोध नाही. मीही अशा मेळाव्यांना जातो, आनंदाने जातो. पण परत येताना एक प्रश्न सोबत येतो. शिकलेल्या माणसावर त्याच्या शिक्षणाचे जे देणे असते, ते फेडायचे म्हणजे नेमके काय करायचे? ज्या इमारतीत शिकलो तिला रंग लावून द्यायचा? सभागृहाला वडिलांचे नाव द्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या इतिहासात आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या शहराचे शैक्षणिक जीवन ज्यांनी उभे केले, त्यांतले अनेक जण इथल्या कोणत्याही कॉलेजचे विद्यार्थी नव्हते. कुणी अलिगडला शिकले होते, कुणी न्यूयॉर्क आणि लंडनला, कुणी मुंबई-नागपूरला. देणे त्यांच्यावर दुसऱ्या गावचे होते, फेडले त्यांनी इथे. हे शहर बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी घडवलेले आहे. तो हिशेब आज मांडतो, कारण त्यातून आपल्यावरही काही बाकी निघते.

अलिगडचा एक टक्का

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलिगडला मदरसा काढला आणि १८७७ मध्ये मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. तेव्हा पैसा नव्हता. सर सय्यदांनी चंदा गोळा करण्यासाठी काय काय केले, याच्या अनेक हकीकती आहेत. उतारवयात ते अलिगडच्या प्रदर्शनात स्वतः रंगमंचावर उभे राहिले. लोकांनी नावे ठेवली, त्यांनी ती ऐकून घेतली. देणगीदारांची नावे आवाराच्या भिंतींवर कोरली गेली आणि त्या नावांत हिंदू देणगीदारही आहेत.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते विद्यार्थ्यांनी केलेले काम. १८९० च्या सुमारास आफताब अहमद खान या विद्यार्थ्याने पुढाकार घेऊन ‘अंजुमन-अल-फर्ज’ स्थापन केली. इंग्रजीत तिला ‘ड्यूटी सोसायटी’ म्हणत. फर्ज म्हणजे कर्तव्य. नमाज जशी फर्ज, तसे गरीब मुलाला शिकायला मदत करणे फर्ज, हा त्या नावाचा अर्थ. सुट्टी लागली की ही मुले गावोगाव हिंडत आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी पैसे जमवत. कॉलेजात त्यांनी दुकान चालवले आणि त्याचा नफा याच कामाला लावला. पुढे याच संस्थेतून गरजू विद्यार्थ्याला कर्ज म्हणून रक्कम मिळू लागली. शिकून कमावता झाला की त्याने ती परत करायची, म्हणजे पुढच्या मुलाची सोय होते. भीक नाही, उपकार नाही, फिरता पैसा. हे आफताब अहमद खान पुढे अलिगड मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

कॉलेजातून बाहेर पडलेल्यांसाठीही रीत होती. ‘ओल्ड बॉईज’ म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांच्या संघटनेत सभासदाने आपल्या उत्पन्नाचा एक टक्का द्यावा, असा दंडक ठरला होता. शंभर रुपये पगार असेल तर एक रुपया. श्रीमंताने जास्त द्यावे आणि गरिबाने लाजावे, असा प्रसंगच येत नाही. आपल्याकडे जकातीचा अडीच टक्का ठरलेला आहेच. तिथेही रकमेपेक्षा दर ठरलेला असण्याला महत्त्व आहे, कारण दर ठरला की मूड पाहून द्यायचा प्रश्न उरत नाही.

ही माणसे कॉलेजच्या ‘हो’ला ‘हो’ करणारी होती, असेही समजू नये. मौलाना शौकत अली अलिगडचे जुने विद्यार्थी, क्रिकेट संघाचे कप्तान. कॉलेजचे विद्यापीठ व्हावे म्हणून १९११ च्या सुमारास आगाखानांसोबत ते देशभर निधी गोळा करत फिरले. पण १९२० मध्ये असहकाराचा प्रश्न आला, तेव्हा सरकारी अनुदान सोडा, अशी मागणी घेऊन शौकत अली आणि त्यांचे बंधू मोहम्मद अली आपल्याच कॉलेजच्या दारात उभे राहिले. व्यवस्थापनाने ऐकले नाही. त्या भांडणातून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगडमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाचा जन्म झाला. त्या वेळी तिथे असलेले झाकिर हुसैन पुढे जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन परतले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प पगारावर वीस वर्षे जामियाची सेवा करण्याची प्रतिज्ञा केली.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटणार नाही. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखे आजीव सदस्य याच पद्धतीने वीस वर्षांची सेवा देत होते. शिकलेल्याने तुटपुंज्या पगारावर आपली उमेदीची वर्षे द्यावीत, ही कल्पना पुण्यात होती तशी अलिगड-दिल्लीतही होती. दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांची ही बाजू फारशी ठाऊक नसते, एवढेच.

बाबा-ए-उर्दू आणि नामदेव माळी

अलिगडला मदत करणाऱ्या संस्थानांत हैदराबाद अग्रभागी होते. पहिले सालारजंग आणि निजाम सरकार यांनी कॉलेजला पैसा दिला. हा पैसा कुठून आला, याचा विचार आपण करत नाही. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. पैठण, वैजापूर, अंबडच्या शेतकऱ्याने भरलेला शेतसाराही त्याच खजिन्यात जात होता. म्हणजे अलिगडच्या विद्यार्थ्यावर जसे सर सय्यदांचे देणे होते, तसे थोडे मराठवाड्याच्या शेतकऱ्याचेही होते. त्या शेतकऱ्याला हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

अलिगडचा एक विद्यार्थी मात्र ते देणे फेडायला इथे आला, असे मला वाटते. हापुडचे मौलवी अब्दुल हक. १८७० चा जन्म. अलिगडहून बी.ए. होऊन ते हैदराबादच्या शिक्षण खात्यात लागले आणि शाळांचे निरीक्षक म्हणून औरंगाबादला आले. १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे सचिवपद त्यांच्याकडे आले. ही संस्था १९०३ मध्ये स्थापन झाली होती, पण तिची अवस्था वाईट होती. अब्दुल हकांना सचिव म्हणून जे मिळाले ते एका जुन्या पेटीत मावत होते, असे सांगतात. ती पेटी औरंगाबादला आली आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे उर्दूची देशातली सर्वांत मोठी संस्था आपल्या या शहरातून चालली.

इथून १९२१ मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक सुरू झाले. १९२८ मध्ये ‘सायन्स’ नावाचे नियतकालिक निघाले. आधुनिक विज्ञान सामान्य वाचकाच्या भाषेत सांगायचे, हा त्याचा हेतू. जुनी दखनी हस्तलिखिते शोधून, तपासून छापली गेली. ज्या मोठ्या इंग्रजी-उर्दू शब्दकोशासाठी अब्दुल हक ओळखले जातात, त्याचे कामही याच काळातले. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावे असे एक काम आहे: मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला, यावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिले. उत्तरेतून आलेला माणूस इथे राहतो तर इथली भाषा नीट पाहतो, तिच्यात आपले काय मिसळले आहे ते शोधतो, हे मला फार मोलाचे वाटते. ज्यांना मराठी आणि मुसलमान हे शब्द शेजारी ठेवायला आजही जड जाते, त्यांना हे पुस्तक दाखवावे.

१९२३ मध्ये औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते आणि १९३० मध्ये ते या पदावरून निवृत्त झाले. संसार त्यांनी थाटला नाही. जे मिळवले ते अंजुमनच्या कामात घातले. लोकांनी त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हटले.

याच शहरात त्यांनी एका माणसाचे शब्दचित्र लिहिले. ‘चंद हमअसर’ या त्यांच्या पुस्तकात मोठमोठ्या समकालीनांची व्यक्तिचित्रे आहेत आणि त्यांच्याच रांगेत नामदेव माळी आहे. नामदेव बीबी का मकबऱ्याच्या बागेत माळी होता. ज्या जातीला तेव्हा अस्पृश्य मानत, त्या जातीचा. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. पण रोपांना तो पोटच्या मुलांसारखे जपत असे. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा लांबून पाणी वाहून त्याने आपली झाडे जगवली. त्याबद्दल बक्षीस देऊ केले तर ते त्याने घेतले नाही. स्वतःची लेकरे जगवल्याबद्दल कोणी बक्षीस घेतो का, असा त्याचा विचार. त्याला जडीबुटीचीही माहिती होती. लहान मुलांवर तो औषधोपचार करायचा, त्यासाठी दुसऱ्या गावालाही जायचा आणि कुणाकडून पैसा घ्यायचा नाही.

अलिगडचा पदवीधर, कॉलेजचा प्राचार्य, त्याने सेवेचा नमुना म्हणून कुणाला निवडले, तर ज्याला कोणत्याच शाळेने आत घेतले नाही त्याला. स्वयंसेवा हा शब्द आज आपण टी-शर्टवर छापतो. तिचा अर्थ अब्दुल हकांना मकबऱ्याच्या वाफ्यांमध्ये दिसला. माझ्या मते उर्दूने मराठवाड्याला दिलेली ही सर्वांत सुंदर भेट आहे आणि तिचा नायक नामदेव नावाचा मराठी माणूस आहे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अंजुमनचे दफ्तर दिल्लीला हलले. उर्दू-हिंदीच्या राजकारणात दिल्लीत असणे त्यांना गरजेचे वाटले असेल. १९४७ च्या दंगलीत तिथल्या दफ्तराची नासधूस झाली. अब्दुल हक कराचीला गेले आणि १९६१ मध्ये तिथेच वारले. औरंगाबादला कॉलेज उरले, आठवण उरली. संस्था उरली नाही. एका माणसाच्या त्यागावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर निघून जाते. हा धडाही आपण घेतला पाहिजे.

बडोद्याचे ऋण

नामदेव माळ्याच्या समाजातली मुले कॉलेजात जायला आणखी काही काळ जावा लागला. त्यासाठी या शहरात दुसरा एक माजी विद्यार्थी यावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उच्च शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना दरमहा पंचवीस रुपये मिळत. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही बडोदा सरकारच्या पैशावर. बदल्यात करार होता: परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. बाबासाहेब करार पाळायला १९१७ मध्ये बडोद्याला गेलेही. पण कोलंबियाला शिकलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तर तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

ज्या गावाचे ऋण, त्या गावाने ते फेडू दिले नाही. मग बाबासाहेबांनी काय केले? ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले आणि जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद आणि उत्तरे देणारा भिक्खू नागसेन, या संवादावरून कॉलेज मिलिंद आणि परिसर नागसेनवन.

मुंबईनंतर औरंगाबादच का? मराठवाडा नुकताच निजामी राजवटीतून बाहेर आला होता. इंटरच्या पुढे शिकायचे तर मुलाला हैदराबादची वाट धरावी लागे. विद्यापीठ यायला तर १९५८ साल उजाडले. गरज इथे मोठी होती म्हणून बाबासाहेब इथे आले. कोलंबियाला किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला त्यांच्या देणगीची गरज नव्हती. गरज होती ती जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतून पायी येणाऱ्या पोराला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची दारे सर्व जातिधर्मांना खुली होती, त्यामुळे त्याचा लाभ एका समाजापुरता राहिला नाही.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी शिकून नोकरीला लागलेल्या आपल्याच लोकांबद्दल खंत बोलून दाखवली, हे आंबेडकरी घरांत आजही सांगितले जाते. शिकले-सवरले आणि समाजाला विसरले, ही ती खंत. पगाराचा विसावा भाग समाजासाठी काढा, असे त्यांनी सांगितल्याचेही लोक आवर्जून सांगतात. ती आठवण पुढे संघटनेत उतरली. १९७०च्या दशकात पुण्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांमधून कांशीराम, डी. के. खापर्डे आणि दीनाभाना यांनी ‘बामसेफ’ची उभारणी केली, तिचा पायाच समाजाचे देणे परत करण्याचा होता.

अलिगडचा शंभरावा हिस्सा, जकातीचा चाळिसावा, आग्र्याचा विसावा. तीन वेगळ्या परंपरा, पण तिघींचे एका गोष्टीवर एकमत आहे: हिस्सा आधी ठरवा, मग कमवा.

मिलिंदमध्ये नुसती पदवी मिळाली नाही. इथे शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि दलित साहित्याची एक पिढी त्या पानांवर वाढली. पानतावणेही मूळचे नागपूरचे. पुन्हा तेच: शिकले एका गावी, आयुष्य दिले दुसऱ्या गावाला.

रौजा बागेतले कॉलेज

तिसरे नाव डॉ. रफिक झकेरियांचे. नालासोपाऱ्याचे, मुंबई विद्यापीठाचे सुवर्णपदक विजेते, लंडन विद्यापीठाचे डॉक्टर. १९६२ मध्ये ते औरंगाबादमधून विधानसभेवर निवडून आले आणि राज्यात मंत्री झाले. बाहेरून येऊन निवडून येणारे पुष्कळ असतात. मतदारसंघ सुटला की गावही सुटते. झकेरियांनी पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, इथे मौलाना आझाद कॉलेज सुरू केले. सत्ता गेली तरी संस्थेशी त्यांचे नाते २००५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत टिकले. पत्नी फातिमा झकेरिया नामवंत पत्रकार होत्या. त्यांनीही उतारवयापर्यंत या शिक्षणसंस्थेची धुरा वाहिली.

राजकारण्याने काढलेली संस्था म्हणून कुणी नाक मुरडेल. त्यांनी त्या काळचा विचार करावा. पोलीस कारवाईनंतरच्या धक्क्यातून मराठवाड्याचा मुसलमान अजून सावरत होता. उर्दूतून होणारे शिक्षण आणि नोकऱ्या, दोन्हींचा आधार गेला होता. ज्यांना जमले ते हैदराबादला, कराचीला गेले. मागे राहिलेल्यांच्या मुलांपुढे पदवीचा रस्ता धूसर होता. अशा वेळी आझादांच्या नावाने कॉलेज उघडणे म्हणजे ‘तुम्ही इथलेच आहात, इथेच शिका’ असे सांगणे होते. घरापासून लांब पाठवायला तयार नसलेल्या बापाने पहिल्यांदा मुलीला कॉलेजात पाठवले ते रौजा बाग जवळ होती म्हणून, अशा हकीकती शहरातल्या जुन्या मोहल्ल्यांत आजही ऐकायला मिळतात.

पाणचक्कीचा हिशेब

या तिघांच्याही आधी या शहरात शिकणाऱ्यांची सोय होती. पाणचक्की पाहायला आपण पाहुण्यांना नेतो. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारातली ही अठराव्या शतकातली व्यवस्था. शहराबाहेरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून इथवर आणले. त्या पाण्यावर जाते फिरले आणि त्या जात्यावर फकिरांसाठी, खानकाहीत राहून शिकणाऱ्यांसाठी पीठ दळले गेले. जवळच ग्रंथालय होते. वक्फ म्हणतात ते हे: एकदा दिले की दात्याचा हक्क संपला, फायदा मात्र चालू राहिला.

वक्फच्या या व्यवस्थेत शिकणाऱ्याने जेवणाचे पैसे परत करावेत, अशी अपेक्षा नव्हती. अपेक्षा वेगळी होती: शिकलेल्याने शिकवावे. इल्म हे अमानत मानले जाते. माणूस गेल्यावरही चालू राहणाऱ्या पुण्यात, सदका-ए-जारियात, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान गणले आहे. म्हणूनच बुखाऱ्याहून निघालेला दरवेश औरंगाबादला येऊन शिकवत बसतो. कोणत्या मदरशाचा ‘माजी विद्यार्थी’ म्हणून त्याची नोंद नसते. ज्या गावी थांबला तिथे त्याने ते देणे फेडले, एवढेच.

आता आपली पाळी

मग आपल्याकडे किती बाकी निघते? या शहरात आता दोन विद्यापीठांत मोजता येणार नाहीत इतकी कॉलेजे आहेत. इथे शिकलेले डॉक्टर, इंजिनिअर, वकील, प्राध्यापक जगभर आहेत. अलिगडने आपल्याला अब्दुल हक दिले, बडोदा आणि कोलंबियाने आंबेडकर दिले, मुंबई आणि लंडनने झकेरिया दिले. औरंगाबादने कोणत्या गावाला काय दिले?

दुबईत इंजिनिअर असलेल्या आपल्या माणसाने कॉलेजला प्रोजेक्टर दिला तर तो चांगलाच आहे. पण सोयगाव, कन्नड, सिल्लोडच्या खेड्यात दहावीनंतर घरी बसलेली मुलगी त्या प्रोजेक्टरपर्यंत पोचणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे शाळा सोडणारा मुलगा पोचणार नाही. बाबासाहेबांच्या न्यायाने पाहिले, तर आपले देणे प्रोजेक्टर लागलेल्या वर्गापेक्षा त्या मुलीकडे जास्त आहे.

वर सांगितलेल्या इतिहासातून मला तीन साध्या गोष्टी दिसतात.

पहिली, हिस्सा ठरवून घ्यावा. मेळाव्यात भावनेच्या भरात जाहीर केलेली मोठी रक्कम बहुधा वसूल होत नाही. पगाराचा एक टक्का दर महिन्याला आपोआप जाईल अशी सोय बँकेत एकदा करून ठेवली की मन बदलायला वाव राहत नाही. शंभर माजी विद्यार्थ्यांनी हे केले तर काही मुलांचा वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च भागतो. शक्य तिथे तो ‘ड्यूटी सोसायटी’सारखा फिरता ठेवावा. परत करण्याची अट प्रेमाची असावी, पण असावी. ज्याने घेतले त्यालाच उद्या देणारा होण्याचा मान मिळतो. जकातीचा पैसा मात्र वेगळा ठेवावा आणि तो हकदार गरीब विद्यार्थ्याच्या हातातच पडेल हे पाहावे. त्यातून सभागृहे बांधू नयेत.

दुसरी, पैशाबरोबर वेळ द्यावा. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधार आणि बँक खात्याची जोडणी, यांत किती मुलांचे वर्ष वाया जाते हे तालुक्याच्या ठिकाणी जाऊन पाहावे. तिथे पदवीधर माणसाने वर्षातून चार रविवार लॅपटॉप घेऊन बसले तरी ते मोठ्या देणगीइतके काम आहे. नामदेव माळी पाणी वाहत होता. आपण फॉर्म भरून द्यावेत.

तिसरी, काम माणसाच्या नावावर ठेवू नये. अब्दुल हकांसारखा माणूस गेला की संस्था जाते, हे आपण पाहिले. नागसेनवन आणि रौजा बाग उरली, कारण तिथे संस्था होती, नियम होते, पुढच्याच्या हाती सोपवण्याची सोय होती. दोन-तीन वर्षांनी पदाधिकारी बदलावेत, हिशेब छापून वाटावा, आणि त्यात कुणी प्रश्न विचारला तर त्याला शत्रू समजू नये. अली बंधूंनी आपल्या कॉलेजशी भांडण केले म्हणून जामिया झाली.

आणखी एक. मिलिंदचा माजी विद्यार्थी आणि आझाद कॉलेजचा माजी विद्यार्थी आज एकाच शहरात राहतात, पण दोघांचे मेळावे वेगळे, निधी वेगळे, वस्त्याही वेगळ्या. खेड्यात मात्र शाळा सोडणारी मुलगी शेख असो की साळवे, तिची अडचण एकच असते: लांबचे कॉलेज, न परवडणारी एसटी, घरचे काम, लवकर ठरलेले लग्न. अब्दुल हकांनी नामदेवला आपल्या थोरामोठ्यांच्या ओळीत बसवले होते. आपल्याला निदान एका तालुक्यापुरता एक सामाईक निधी काढता यायला हरकत नाही.

या वर्षीचा मेळावा जवळ आला आहे. बिर्याणीची वर्गणी जमवायला सुरुवात झाली असेल. त्याच यादीत नावापुढे अजून एक रकाना काढावा: कोणता तालुका, आणि दर महिन्याला किती. मी माझ्या नावापुढे कन्नड लिहिले आहे.